खर्रा खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही? मग हे वाचा!

सकाळी उठलं की पोटात कळ, मळमळ, दोन-तीनदा धावाधाव. चंद्रपूर-गडचिरोलीच्या हॉस्टेलात, मैदानावर, पहाटेच्या एसटीत हे दुखणं सगळ्यांना माहीत आहे. बोलत मात्र कुणीच नाही.

सकाळचे साडेपाच. गडचिरोलीतलं एक मैदान. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी हजर. आज सोळाशे मीटरचं टायमिंग लावायचंय. शिट्टी वाजायच्या आतच एकजण पाण्याची बाटली घेऊन गुपचूप झुडपांकडे सटकतो. मागून दोस्त ओरडतो, ‘काहून बे, आजपण?’

सगळे हसतात. परत आल्यावर तोही हसतो. आणि विषय तिथेच संपतो.

तुम्ही त्या हसणाऱ्यांत आहात की सटकणाऱ्यांत? खरं सांगा, दोन्हींत असाल. सकाळी साडेनऊच्या पेपरला निघताना पोटात गोळा येणं, पहिल्या लेक्चरला बसल्या बसल्या गुडगुड होणं, चहा घेतला की लगेच पळावं लागणं, काही दिवस नुसतीच मळमळ आणि तोंडात आंबट पाणी. हे एखाद्या दिवशी होणं वेगळं. आठवड्यात चार दिवस आणि महिनोन्‌महिने होत असेल तर?

तर आपण काय करतो? ‘आपली बॉडीच तशी आहे’ म्हणतो. गॅसची गोळी घेतो. नाहीतर सरळ पानठेल्यावर जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. रोज सकाळी बिघडणारं पोट हा विनोद नाही आणि नशीबही नाही. त्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते सापडतं. पण आपल्याकडे या दुखण्यावर जो इलाज सगळ्यात जास्त खपतो, तो पन्नीत घोटलेला खर्रा, तोच अनेकांच्या बाबतीत दुखण्याचं कारण आहे. आणि जे खर्रा खात नाहीत त्यांचं पोट बिघडवायला आपली मेस, आपलं पाणी आणि कॉलेजचे कुलूपबंद संडास पुरेसे आहेत.

सकाळीच का?

आधी हे समजून घ्या, कारण यातच अर्धी भीती जाते. रात्री आपण झोपतो तेव्हा मोठं आतडंही जवळपास झोपतं. डोळे उघडले की तेही जागं होतं आणि जोरात हालचाल करायला लागतं. त्यात पोटात काही गेलं, साधं कोमट पाणी जरी, तरी जठराकडून आतड्याला निरोप जातो, की वरून नवा माल येतोय, खाली जागा करा. म्हणून सकाळी उठल्यावर किंवा नाश्त्यानंतर संडासला लागणं ही अगदी निरोगी गोष्ट आहे. लहान बाळांचं पाहिलंय ना? दूध पिलं की लगेच!

दुसरी गोष्ट ताणाची. उठण्याच्या सुमारास शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन तसंही वाढलेलं असतं. त्यात पेपर असेल, भरतीचं ग्राऊंड असेल, फी भरायची शेवटची तारीख असेल, तर आतडं अजून बिथरतं. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे आणि मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं. त्यामुळे ‘टेन्शननं पोट बिघडलं’ हे नाटक नसतं, ते खरोखर बिघडतं.

म्हणजे सकाळची वेळ मुळातच आतड्यासाठी गजबजीची. या गजबजीत आपण वरून काय ओततो, तिथून प्रश्न सुरू होतो.

खर्र्याचा हिशेब

‘खर्रा घेतल्याशिवाय होतच नाही भाऊ.’ हे वाक्य तुम्ही किती जणांकडून ऐकलंय? वडिलांकडून, काकांकडून, रूममेटकडून. काही घरांत आजी सकाळी नस किंवा गुडाखू दातांना लावते, तिचंही म्हणणं हेच. गंमत अशी, की ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच होत नाही. पण का होत नाही, ते ऐका.

खर्र्यात तंबाखू, सुपारी आणि चुना. तंबाखूतलं निकोटीन आतड्याला चाबूक मारल्यासारखं हलवतं. सुपारीत अरेकोलिन असतं, तेही लाळ सोडायला लावतं आणि आतड्याची हालचाल वाढवतं. चुन्यामुळे निकोटीन तोंडातून रक्तात पटकन शोषलं जातं. तिघं मिळून रिकाम्या पोटावर धडकतात, तेही रात्रभर निकोटीन उतरल्यानंतर, म्हणजे शरीर सगळ्यात जास्त तहानलेलं असताना. मग दहा मिनिटांत पळावं लागलं तर नवल काय?

हे रोज झालं की आतडं त्या चाबकाला सरावतं. चाबूक नसेल तर ते हलायला कंटाळा करतं. तंबाखू सोडणाऱ्या अनेकांना सुरुवातीला बद्धकोष्ठता होते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. पण आपण त्याचा अर्थ उलटा लावतो, की पाहा, खर्रा सोडला आणि पोट बिघडलं, म्हणजे खर्रा औषध होतं! अरे, ज्यानं पाय बांधले तोच काठी विकायला बसलाय आणि आपण त्याचे आभार मानतोय.

शिवाय हा ‘इलाज’ एकाच बाजूनं चालत नाही. त्याच खर्र्यानं कुणाला मळमळ, उचकी, छातीत जळजळ होते, कुणाला दिवसातून तीनदा पातळ. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं, पुढे तोंडाच्या कॅन्सरचा धोका. विशीतल्या पोराला पाणीपुरी तोंडात घालता येत नाही हे दृश्य आपल्या जिल्ह्यांना नवीन नाही. पोट साफ करायला एवढी किंमत?

सोडायचं असेल तर एक गोष्ट आधीच मनात ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे पोट कुरकुर करणार. त्याला घाबरून परत पन्नी उघडू नका. उठल्यावर कोमट पाणी, रोज एकाच वेळी दहा मिनिटं निवांत बसणं, जेवणात पालेभाजी, डाळ, पेरू, लागलंच तर रात्री भरपूर पाण्यासोबत इसबगोल. आतडं आपली जुनी चाल परत शिकतं. एकट्यानं जमत नसेल तर सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, 1800-112-356, फोन मोफत. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियान 2016 पासून दारू आणि तंबाखूविरोधात गावोगाव काम करतंय, त्यांच्याकडे जाता येतं. मदत मागण्यात कमीपणा नाही. उधारीवर खर्रा मागण्यापेक्षा तर नाहीच नाही!

मी तर खर्रा खातच नाही!

छान. मग कालची रात्र आठवा. मेसचं जेवण आवडलं नाही म्हणून अर्धवट जेवलात. अभ्यास, रील्स, गप्पा. एक वाजता नूडल्स, वर चहा, आणि दीडला आडवे. भरल्या पोटी आडवं झालं की जठरातलं आम्ल वर सरकतं. सकाळी तोंड आंबट, घसा जळजळतो, मळमळतं. त्यावर इलाज म्हणून काय? रिकाम्या पोटी कडक चहा आणि तर्री-पोहा. तर्री आपली जान आहे, मान्य. पण उपाशी पोटावर तेल आणि तिखटाचा तो लाल थर रोज ओतला, तर पोट तक्रार करणारच.

दूध तपासून पाहा. मोठेपणी दूध पचवणारं एन्झाइम अनेक भारतीयांत कमी होतं. सकाळी ग्लासभर दूध पिऊन मैदानावर गेलात आणि पोट फुगलं, गुडगुडलं, पातळ झालं, तर दहा दिवस दूध बंद करून फरक बघा. दही, ताक बहुतेकांना चालतं.

धावणाऱ्यांसाठी खास. जोरात पळताना शरीर रक्त पायांकडे वळवतं, आतड्याला कमी मिळतं. म्हणून पळताना कळ येणं, पळावं लागणं हे जगभरच्या धावपटूंना होतं. यात तुमची कमजोरी नाही. आदल्या रात्री तेलकट आणि खूप चोथ्याचं टाळा, सकाळी अर्धं केळं पुरे, पोट भरून पळू नका. आणि एक धोक्याची सवय सोडा. गुडघा दुखतो म्हणून रोज उपाशी पोटी वेदनाशामक गोळी घेणं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात, अल्सर होऊ शकतो. ग्राऊंड मारायला गोळी आणि गोळी पचवायला दुसरी गोळी, हा खेळ भरती होण्याआधीच महागात पडतो.

आता शिळा भात. आपण भाताचे जिल्हे. पण मे महिन्यात, जेव्हा चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो आणि रात्रीही खोली तापलेली असते, तेव्हा रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जंतू वाढतात. त्यातला एक प्रकार असं विष सोडतो, की ते परत फोडणी दिली तरी जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या. भात उरला तर लवकर गार करून फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल तर तेवढाच शिजवा.

आणि हे सगळं तपासूनही पोट बरं होत नसेल तर? काहींना आयबीएस असतं. आठवड्यातून निदान एकदा पोटात दुखणं, तेही संडासशी जोडलेलं, आणि हे तीन महिने चाललेलं, त्याची सुरुवात सहा महिन्यांहून जुनी. यात आतड्याला जखम नसते, पण त्रास खरा असतो. त्यावर उपचार आहेत. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग तुला काहीच झालं नाही’ असं कुणी म्हटलं तर नाराज होऊ नका, दुसऱ्या डॉक्टरला विचारा.

पाण्याचा रंग कुठला?

तीन रूममेट्सना एकदमच होत असेल, तर ते टेन्शन नाही. ते पाणी आहे किंवा मेस. जिआर्डिया आणि अमिबा हे दोन पाहुणे दूषित पाण्यातून येतात आणि महिनोन्‌महिने मुक्काम करतात. पोट फुगणं, घाणेरड्या वासाचे ढेकर, चिकट आव पडणं, सकाळी दोन-तीनदा जावं लागणं. साध्या विष्ठा तपासणीत ते सापडू शकतात, फक्त एका नमुन्यात दिसले नाहीत म्हणून नाहीतच असं नसतं, म्हणून डॉक्टर दोन-तीन दिवसांचे नमुने मागतात. द्यायला लाजू नका. मेडिकलवाल्याकडून अंदाजानं अँटिबायोटिक घेऊन दोन दिवसांत सोडणं मात्र बंद करा. त्यानं रोग दबतो आणि पुढच्या वेळी औषध चालत नाही.

तुम्ही गावचे असाल तर एक प्रश्न ग्रामपंचायतीला विचारा. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावाला कार्ड मिळतं. लाल, पिवळं किंवा हिरवं. आपल्या गावाचं कुठलं? टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायला जलसुरक्षक असतो, तो टाकतो का? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला बारावी पास असणंही लागत नाही. पण तुम्ही विचारलात तर गाव ऐकेल.

पावसाळ्यात तर हे जीवन-मरणाचं होतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी पातळ संडासनं घायकुतीला आलेल्या माणसाला पहिला आधार घरातच मिळायला हवा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आशाताईकडे ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच. हे प्रमाण तुम्हाला पाठ हवं. तुमच्या धाकट्या भावंडांसाठी तरी.

मुलींचं पोट, एसटीचा प्रवास

आता मुलांनी हसणं थांबवून हे वाचा. कोरची, एटापल्ली, सिरोंचा अशा तालुक्यांतून येणारी एखादी मुलगी पहाटेच्या एसटीत बसते. वाटेत तिला उतरता येईल असा स्वच्छ संडास नाही. कॉलेजात आहे, पण कुलूप, नाहीतर पाणी नाही. मग ती काय करते? पाणीच पीत नाही. सकाळचं खात नाही. आलेली कळ दाबून धरते. रोज दाबलं की आतडं सूचना द्यायचंच कमी करतं. मग बद्धकोष्ठता, मूळव्याध, लघवीचा जंतुसंसर्ग. उपाशी पोटी दुपारपर्यंत मळमळ आणि डोकेदुखी. मग घरचे म्हणतात, ‘ही काही खातच नाही.’ ती खात नाही, कारण खाल्लं तर जायला जागा नाही!

हा आरोग्याचा प्रश्न जेवढा, तेवढाच शिक्षणाचा आहे. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं ते दोन जंगल-जिल्ह्यांतल्या मुलांना उच्चशिक्षण जवळ यावं म्हणून. संडासाअभावी मुलगी लेक्चर बुडवत असेल, तर ते जवळ आलेलं विद्यापीठ तिच्यासाठी अजून लांबच आहे.

इथे थांबू नका, डॉक्टर गाठा

सकाळचं पोट बहुतेकदा सवयी आणि पाण्यानं सुधारतं. पण संडासात रक्त किंवा काळं डांबरासारखं, विनाकारण वजन घटणं, झोपेतून उठवणारे जुलाब, थांबत नसलेली उलटी, गिळताना अडकणं, अंगात रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर घरगुती प्रयोग बंद. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नका. पाळी चुकली असेल आणि सकाळी मळमळत असेल तर आधी गरोदरपणाची तपासणी करा, लाजून महिने घालवू नका.

दोन गोष्टी खास आपल्या भागाच्या. जुलाब-उलट्यांसोबत थंडी वाजून ताप असेल तर मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी. गडचिरोलीत राहून मलेरिया विसरणं परवडत नाही. आणि पोटदुखीसोबत हातापायांचे सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेल आठवा. आपल्या भागात तो बऱ्याच घरांत आहे. बोटातल्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी टेस्ट होते, पुढे पक्की तपासणी. सिकलसेलच्या रुग्णाला जुलाबातून अंगातलं पाणी कमी होणं फार धोक्याचं, त्यानं वाट पाहायचीच नाही.

हसा, पण मागाही

पोट माझं, त्रास माझा, एवढ्यावर हा विषय संपत नाही. सकाळची सवय तुम्ही बदलाल, पण मेसची टाकी तुम्ही एकट्यानं धुणार नाही. म्हणून चार जण मिळून अर्ज करा. टाकी शेवटची कधी धुतली, तारीख भिंतीवर लिहा. पाण्याची तपासणी करून रिपोर्ट लावा. संडास कॉलेजच्या वेळेत उघडे, पाण्यासह. आणि गेटसमोरचा पानठेला? 2003 च्या कायद्यानं शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. अठराखालच्याला तर कुठेच विकता येत नाही. हा कायदा कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दिसतो, गेटबाहेर का दिसत नाही, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि मैदानावर पुढच्या वेळी कुणी सटकला तर ‘काहून बे, आजपण?’ जरूर विचारा. फक्त हसून सोडू नका. ‘किती दिवस झाले? रक्त नाही ना पडत? दवाखान्यात चल, मी येतो सोबत.’ एवढं पुढं म्हणा. सोळाशे मीटर त्याला एकट्यालाच पळायचंय. दवाखान्यापर्यंत तरी सोबत करा!

दोन आठवड्यांची वही

- एक जुनी वही घ्या. रोज पाच गोष्टी लिहा. किती वाजता झोपलो-उठलो, रात्री काय आणि कधी खाल्लं, सकाळी पहिलं पोटात काय गेलं, किती वेळा आणि कसं झालं, त्या दिवशी टेन्शन होतं का.

- रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास. उठल्यावर आधी पाणी, मग थोडं खाणं, मग चहा.

- एका वेळी एकच गोष्ट बदला. आज दूध, चहा, तर्री सगळंच बंद केलं तर दोषी कोण ते कळणारच नाही.

- उघड्यावर जावं लागलं तरी हात साबणानं धुवायचेच. बाटलीतलं पाणी पुरत नाही.

- दोन आठवड्यांनी वही डॉक्टरांना दाखवा. ‘पोट बिघडतं’ एवढंच सांगण्यापेक्षा त्या पंधरा दिवसांच्या नोंदींतून त्यांना बरंच कळेल.